पंडिता रमाबाई व देण्यांत बुडालेलें घर

फारकत हा शब्द आमच्या वऱ्हाडांत दोन ठिकाणीं ऐकूं येतो. नवराबायको कायमचीं विभक्त झालीं म्हणजे त्यांची फारकत झाली असें म्हणतात. सावकाराचें देणें पुरें फिटल्यावर तो जो मोकळीक-कागद लिहून देत असे, त्यासहि जुन्या दप्तरांत फारखती असेंच नांव आहे. शब्दाचें मूळ एकच, अर्थ एकच, सुटका. परंतु अमरावती-अकोल्याकडील खेड्यांच्या मंडळ्यांत फिरतांना असें दिसतें कीं, पहिली फारकत झालेल्या बाईस दुसरी सहसा लवकर मिळत नाहीं. नवरा गेला, घर गेलें, पण बचत गटाच्या वहींत तिचें नांव राहिलें, फायनान्स कंपनीच्या कागदावर तिचा अंगठा राहिला, आणि कपाशीच्या बियाण्याकरितां जें काढलें त्याचा हप्ता मागावयास माणूस तिच्या माहेरच्या दारीं येऊन बसूं लागला. रविवारीं अशी बाई मंदिरांत शेवटच्या ओळींत बसते, आणि प्रभूच्या प्रार्थनेंत ऋणाचा शब्द आला म्हणजे मान खालीं घालते. अशा भगिनींकरितां, आणि त्यांस भेटावयास जाणाऱ्या उपदेशक बंधूंकरितां, पंडिता रमाबाईंचें चरित्र आज आम्ही एका विशेष बाजूनें सांगत आहों.

रमाबाईंस फारकत मिळाली नव्हती, त्यांस वैधव्य आलें होतें, हा भेद आम्हीं विसरलों नाहीं. पण देण्यानें घर कसें बुडतें, बुडतांना माणसें काय काय धरूं पाहतात, आणि मागें उरलेली एकटी बाई पुन्हां उभी कशी राहते, हें ज्यांनीं स्वतःच्या देहावर सोसलें अशांत रमाबाईंइतकी मोठी व्यक्ति आपल्या मराठी मंडळींत दुसरी आम्हांस आठवत नाहीं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकांत मंगळुराकडे राहणारे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणीं पुण्यास शिकत असतां, आपले गुरु पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवितात हें त्यांनीं पाहिलें, आणि आपल्याहि पत्नीस शिकवावें असें त्यांच्या मनानें घेतलें. पहिल्या बायकोनें तें मानलें नाहीं. ती वारल्यावर गोदावरीच्या तीरीं त्यांचें दुसरें लग्न झालें. वधू लक्ष्मीबाई नऊ वर्षांची होती. तिला शास्त्रीबोवांनीं संस्कृत शिकविलें, आणि लोकांचा रोष झाल्यावर घाटमाथ्यावरच्या रानांत गंगामूळ येथें घर करून राहिले. तेथेंच २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला.

त्या रानांतल्या घरीं विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि शास्त्रीबोवा कोणासहि विन्मुख पाठवीत नसत. येणाऱ्यास जेवण, राहणाऱ्यास वर्षानुवर्षें अन्नवस्त्र. उत्पन्न होतें तेवढेंच राहिलें आणि पंक्ति वाढत गेली. शेवटीं देणें झालें, जमीनजुमला गेला, आणि रमाबाई सुमारें सहा महिन्यांच्या असतां सारें कुटुंब घर सोडून निघालें. त्या तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यांत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिलें होतें. पुढें सोळा वर्षें त्या कुटुंबास आपलें असें घर राहिलें नाहीं.

शास्त्रीबोवांस कोणी उधळ्या म्हणूं शकत नाहीं. व्यसन नाहीं, जुगार नाहीं, केवळ मोठें मन. तरी परिणाम उधळ्याच्याच घरासारखा झाला. हें लिहितांना आमच्या डोळ्यांपुढें आपल्याच मंडळींतलीं लग्नें येतात. हुंड्याची चाल आम्हीं सोडली असें सांगतों, पण बस्ता, मांडव, बँड आणि दोन गांवांचें जेवण यांकरितां काढलेलें कर्ज नव्या जोडप्याच्या पहिल्या भांडणाचें कारण होतें. पाळक म्हणून ज्या विस्कटलेल्या घरांत आम्ही बसलों आहों, त्यांपैकीं बहुतेकांत भांडणाचा धागा उकलतां उकलतां कोठें तरी पैशाचीच गांठ हातीं लागली आहे.

पुढचीं वर्षें यात्रेंत गेलीं. शास्त्रीबोवा देवळांत व नदीच्या घाटावर पुराणें सांगत, श्रोते दक्षिणा ठेवीत. आईनें रमाबाईंस लहानपणापासून पहाटे उठवून संस्कृत पढविलें, आणि हजारों श्लोक त्या मुलीस पाठ झाले. मिळालेल्या दक्षिणेंतून पोटापुरतें ठेवून बाकीचें दानधर्मांत जाई. मग इ. स. १८७४ पासून मद्रास इलाख्यांत दुष्काळाची झळ लागली. शास्त्रीबोवा थकले, दृष्टि गेली, पुराण ऐकावयास कोणी येईना. ह्या वेळीं जें झालें तें आमच्या वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. गांठीस कांहीं रुपये होते. ते धान्यास न लावतां देवाच्या व ब्राह्मणांच्या पायीं घातले, कीं त्या पुण्यानें दुप्पट धन येईल. उपास केले, जप केले, अनुष्ठानें केलीं. मग दागिने विकले, चांगलीं वस्त्रें विकलीं, चांदीचीं, तांब्यापितळेचीं भांडीं विकलीं, आणि त्याचाहि बराच भाग त्याच मार्गानें गेला. मोलमजुरी करणें कुळास कमीपणा, आणि भीक मागण्याची लाज. एक दिवस तांदळाचा शेवटचा दाणा संपला.

हें जुन्या धर्मांतील लोकांचें अज्ञान म्हणून कोणी हंसूं नये. आजहि आमच्या भागांत मोठे मांडव घालून, कर्जांत बुडालेल्यानें अमुक रकमेचें दान टाकावें म्हणजे देव कर्ज फेडील, असें सांगणारे उपदेशक येतात, आणि ते प्रभु येशूचें नांव घेतात. मंगळसूत्राचे मणि मोडून त्या पेटींत पैसे टाकणारी ख्रिस्ती बाई आणि गांठीचे रुपये देवळांत ठेवणारे शास्त्रीबोवा ह्यांत आम्हांस फार अंतर दिसत नाहीं. शास्त्रीबोवांच्या बाजूनें इतकें तरी म्हटलें पाहिजे कीं त्यांस शुभवर्तमान कोणीं सांगितलें नव्हतें.

तें कुटुंब मग रानांत शिरलें, मरावयाकरितांच. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि रानांतले थोडे खजूर ह्यांवर काढले. शास्त्रीबोवांनीं पवित्र कुंडांत देह सोडण्याचा निश्चय केला, मुलांबाळांचा निरोप घेतला. त्या वेळीं वडील मुलगा श्रीनिवास पुढें झाला, आणि जातीचा अभिमान टाकून मिळेल तें काम करून आईबापांस पोसण्याची तयारी त्यानें दाखविली. म्हाताऱ्या बापास ह्या बोलण्यानें मोठें समाधान झालें, आणि तीं सर्वजणें रानांतून पुन्हां माणसांत आलीं. आमच्या मतें ह्या चरित्राचा कांटा येथें फिरला. मुलगी अजून ख्रिस्तापासून फार दूर होती, पण घर वांचावयाचें तर हात कामास लागले पाहिजेत, हें तिनें त्या दिवशीं पाहिलें, आणि जन्मभर विसरली नाहीं.

सुटका मात्र उशिरां आली. थोड्याच दिवसांत वडील वारले. आई अंथरुणास खिळली, तेव्हां तिच्याकरितां भाकरीचा तुकडा मागावयास रमाबाई एका घरीं गेल्या, पण तोंडांतून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. त्या घरच्या बाईनें ओळखून भाकरी दिली, ती आईच्या घशाखालीं उतरली नाहीं. आईस स्मशानांत न्यावयास खांदेकरी पुरे मिळाले नाहींत, म्हणून मुलीनें स्वतः खांदा दिला. उंची कमी पडली तेव्हां तिरडीचा भार डोक्यावर घेतला. कांहीं महिन्यांनीं बहीण पटकीनें गेली. उरलीं दोन भावंडें.

तीं दोघें चार हजार मैलांहून अधिक पायीं हिंडलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीनें जीव जाऊं लागला तेव्हां वाळूंत खड्डे करून अंगावर वाळू ओढून रात्र काढली. इ. स. १८७८ त कलकत्त्यास पोंचल्यावर तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ वारला. त्याच वर्षीं जूनमध्यें बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं, जात न पाहतां, नोंदणीनें विवाह झाला. दोन वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत तों ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पतीस पटकीनें नेलें. मनोरमा तेव्हां दहा महिन्यांचीहि नव्हती. बाईंचें वय तेवीस.

पुण्यास आल्यावर त्यांनीं काय केलें हें पाहण्यासारखें आहे. रडत बसल्या नाहींत आणि कोणाच्या दारीं आश्रितहि झाल्या नाहींत. स्त्रियांची सभा स्थापिली, व्याख्यानें दिलीं, त्याच वर्षीं स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहून छापविलें, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून विलायतेस जाण्याचा खर्च उभा केला. घरांत विकावयास भांडें नव्हतें, पण आईनें पहाटे उठवून दिलेली विद्या होती. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांतील त्या विधवेची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. सावकार तिच्या मुलांस न्यावयास आला होता, आणि अलीशानें तिला प्रथम हेंच विचारलें कीं घरांत काय आहे. तिच्याजवळ तेलाची एक बुधली निघाली. रमाबाईंची बुधली ही होती.

इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींजवळ त्या राहिल्या. त्या भगिनींनीं त्यांस लंडनाजवळ फुलम येथील आश्रम दाखविला. समाजानें टाकून दिलेल्या बायकांस तेथें मायेनें वागवीत. ही दया कोठून आली असें बाईंनीं विचारल्यावर त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. भर दुपारीं, बायाबापड्यांची गर्दी नसते अशा वेळीं विहिरीवर येणारी ती बाई, जिचीं पांच लग्नें झालेलीं, आणि जी आतां ज्याच्यापाशीं होती तो तिचा नवराहि नव्हता. तिच्याशीं प्रभु बोलत बसला, तिच्याकडे पाणी मागितलें, आणि आपण कोण हें तिला उघड करून सांगितलें. टाकलेल्या स्त्रीस वर उचलणारा तारणारा हाच, हें रमाबाईंस तेथें पटलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्म मिळाला पण ख्रिस्त स्वतः मिळावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं, असें त्यांनीं पुढें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. मंडळींत तोंडपाठ उत्तरें देणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

तेथून त्या १८८६ त अमेरिकेस गेल्या. उच्च वर्णांतील हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ त प्रसिद्ध झालें. त्यांत त्या वेळीं मुंबईत गाजत असलेल्या रखमाबाईंच्या खटल्याविषयींहि त्यांनीं लिहिलें आहे. बालपणीं लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें रखमाबाईंनीं नाकारलें, तेव्हां मार्च १८८७ मध्यें न्यायालयानें, एका महिन्यांत जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बैस, असा हुकूम दिला. १८८८ त नवऱ्यानें दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला, म्हणजे सुटकेस किंमत पडली. रखमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. पुढें त्या डॉक्टर झाल्या आणि १९५५ पर्यंत जगल्या.

त्या काळाहून आज कायदा पुष्कळ नरम आहे, आणि येथें चरित्र थोडें बाजूस ठेवून आम्ही दोन गोष्टी सांगतों. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यांत २००१ सालीं बदल होऊन स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचीं कारणें मिळालीं. कर्जाविषयीं असें कीं, नवऱ्यानें एकट्याच्या सहीनें काढलेलें कर्ज, केवळ ती त्याची बायको म्हणून, तिच्यावर येत नाहीं. तिनें सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल तरच येतें. म्हणून उपदेशकांनीं प्रार्थना करून लगेच उठूं नये, कागद मागून वाचावे. परवान्यावांचून सावकारी करणारा त्रास देत असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखालीं सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करितां येतो, आणि स्त्रियांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. अमरावतीस व अकोल्यास दोन्ही ठिकाणीं ही सोय आहे.

११ मार्च १८८९ रोजीं रमाबाईंनीं मुंबईस विधवांकरितां शारदासदन उघडलें. अमेरिकेंतल्या मित्रमंडळींनीं दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें होतें. सदन पुढल्या वर्षीं पुण्यास नेलें. १८९३ त, मुली ख्रिस्ताकडे वळतात असा गवगवा होऊन, पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. दुसरी कोणी खचली असती. बाईंनीं मात्र दहा वर्षें सरल्यावर सदनास हक्काचें उत्पन्न असावें म्हणून केडगांवीं जमीन घेऊन फळझाडें लावावयास आरंभ केला. वचनाची मुदत संपण्यापूर्वींच पुढची तजवीज करणें, हें बापाच्या घरापासून त्या शिकल्या होत्या, उलट बाजूनें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतल्या बातम्या ऐकून त्यांस स्वतःचें रान आठवलें. गांठीस पैसा थोडा, तरी त्या निघाल्या आणि तीनशेंच्या सुमारास मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यास प्लेगमुळें त्यांस ठेवितां येईना, म्हणून केडगांवच्या माळावर राहुट्या व झोंपड्या उभ्या राहिल्या. तेंच मुक्तिसदन. १८९९-१९०० चा दुष्काळ आमच्या वऱ्हाडांतहि फार कठीण गेला. अकोल्यास व खामगांवास अलायन्स मिशनानें त्या वेळीं अनाथ मुलांस आसरा दिला. त्या वर्षीं मुक्तीत गुजराथ-राजपुतान्याकडून इतक्या जणी आल्या कीं संख्या दीड हजारांवर गेली. विधवा होत्या, पोरक्या मुली होत्या, नवऱ्यानें वाटेंत सोडून दिलेल्या होत्या, वाईट माणसांच्या हातीं सांपडून सुटलेल्याहि होत्या. ह्या शेवटच्यांकरितां कृपासदन म्हणून वेगळें घर केलें. अकोल्यास काम केलेल्या मिसेस फुलर ह्यांनीं हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेल्या पुस्तकास १९०० सालीं रमाबाईंनींच प्रस्तावना लिहून दिली, आणि पूर्वीं आमच्या एलिचपुराकडे काम करणारे नॉर्टन साहेब दौंडास मुलग्यांचा आश्रम चालवूं लागले. इतका हा संबंध आपल्या भागाचा त्या घराशीं आहे.

दीड हजार तोंडें, आणि ठराविक उत्पन्न कांहीं नाहीं. तरी कर्ज काढून काम चालवावयाचें नाहीं असा बाईंचा बाणा होता. गरज देवापुढें मांडावयाची, येईल तेवढ्यांत भागवावयाचें. पण ह्या विश्वासास हात होते. मुक्तीत आलेली बाई कोणाची टाकलेली, दोष कोणाचा, ह्याचा काथ्याकूट फार होत नसे. तिच्या हातून काय होईल तें मात्र पाहत. शेती, बाग, विहिरीचें पाणी, तेलाचा घाणा, दूधदुभतें, धुलाई, पाव भाजणें, शिवण, विणकाम, भरतकाम, रंगकाम, चणेफुटाणे भाजणें, भांड्यांस कल्हई करणें, आणि छापखाना. आंधळ्या मुलींसहि बोटांनीं वाचावयास शिकविलें. कल्हई करणारी बाई आमच्या खेड्यांत अजून कोणी पाहिली नसेल. केडगांवीं ती शंभर वर्षांपूर्वीं होती. येथें प्रार्थनेचा तास व कामाचा तास एकमेकांचे वैरी नव्हते. १९०५ त तेथें आत्म्याचें मोठें जागरण झालें, तें देखील अशा कामकरी बायकांतच.

शेवटचीं सुमारें सतरा वर्षें बाईंनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिलीं. इब्री व ग्रीक भाषा त्या उतारवयांत शिकल्या. खेड्यांतल्या अल्पशिक्षित बाईस वाचतां वाचतां समजेल अशी मराठी असावी, हा त्यांचा हट्ट होता. १९१९ त सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई, जिच्यावर पुढील सर्व भार टाकावयाचा होता, आईच्या आधीं गेल्या. म्हातारीनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. काम हातावेगळें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच त्यांनीं देह ठेविला. तें शास्त्र १९२४ त छापून बाहेर पडलें. त्याचे टाइप जुळविणाऱ्या, फर्मे छापणाऱ्या व बांधणी करणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या. दुष्काळांतून तेथें आल्या तेव्हां त्यांपैकीं कित्येकींस एक अक्षरहि येत नव्हतें.